अनेक प्रतिमांचे एकत्र नियमन : बार्शीच्या एका पोथीच्या निमित्ताने

१. विषयप्रवेश

जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकास पूर्वी पोथी समोर घेऊन बसावे लागे. आज त्याच्यापुढे बहुधा पोथीची छायाचित्रे असतात. यामुळे सोय वाढली यात शंका नाही. परंतु तिच्याबरोबर एक नवी अडचणही उत्पन्न झाली आहे. पोथी ही एक वस्तू असते. तिची पत्रे सुटी असली, तरी ती एका बासनात, ठरलेल्या क्रमाने बांधलेली असतात. छायाचित्रे काढताच त्या एका वस्तूच्या पन्नास-साठ फाइली होतात, आणि त्यांना एकत्र ठेवणारे बंधन म्हणजे केवळ त्या फाइलींची नावे. या साऱ्या प्रतिमा सरळ करणे, कापणे, एकीखाली एक मांडणे ही कामे एकेक करून उरकू म्हटले तर आठवडे जातात. आणि एकदम उरकू म्हटले तर क्रम बिघडण्याचे भय असते.

बार्शी येथील एका घरात जपून ठेवलेल्या चौतीस पत्रांच्या पोथीची छायाचित्रे अभ्यासण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. त्या कामी ‘इमेजमॅजिक’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रतिमासंस्करणाच्या साधनाचा उपयोग केला. जॉन क्रिस्टी यांनी ड्यूपॉन्ट या कंपनीत काम करीत असता १९८७ मध्ये त्याची रचना आरंभिली व १ ऑगस्ट १९९० रोजी ते सर्वांस खुले केले. ते विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात चित्रावर माऊस फिरवून काम करावयाचे नसते. काय करावयाचे ते कमांडच्या ओळीत शब्दांनी लिहावयाचे असते. साहजिकच भाषेच्या अभ्यासकास त्याच्या वाक्यरचनेविषयी कुतूहल वाटते. हे कुतूहल केवळ हौसेचे नाही. ही वाक्यरचना नीट न समजल्यामुळे माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. तिची हकीकत पुढे येईलच. अनेक प्रतिमा एकाच आज्ञेत कशा हाताळाव्यात आणि त्यांच्या क्रमाचे रक्षण कसे करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एक खुलासा आरंभीच करणे इष्ट आहे. या आज्ञा संगणकावर रोमन लिपीतच टंकाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. मापांमध्ये ‘×’ हे चिन्ह जेथे आले आहे तेथे रोमन ‘एक्स’ हे अक्षर टंकावयाचे आहे, असे समजावे.

२. प्रतिमांची मालिका

या साधनाविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ते प्रतिमेवर नव्हे तर प्रतिमांच्या मालिकेवर काम करते. एकच प्रतिमा वाचली तरी ती एका घटकाची मालिकाच होय. आज्ञा ‘मॅजिक’ या शब्दाने सुरू होते. त्यानंतर ज्या फाइलींची नावे येतील त्या एकामागून एक वाचल्या जातात व मालिकेच्या शेवटी जाऊन बसतात. वाक्याच्या अखेरीस जे नाव येते ते फलिताचे, म्हणजे नव्या फाइलीचे, होय. दोन टोकांच्या मध्ये जे जे शब्द येतात ते त्या क्षणी अस्तित्वात असलेल्या मालिकेस लागू होतात.

‘त्या क्षणी’ हे शब्द येथे फार महत्त्वाचे आहेत. सहाव्या आवृत्तीपासून या साधनात आज्ञेचे शब्द डावीकडून उजवीकडे, लिहिलेल्या क्रमानेच, अमलात येतात. मराठी वाक्यात विभक्तिप्रत्ययांच्या आधारे शब्द मागे-पुढे केले तरी अर्थ बहुधा टिकतो. ‘रामाने पोथी वाचली’ आणि ‘पोथी रामाने वाचली’ यांत भर कशावर एवढाच फरक. येथे प्रत्यय नाहीत, म्हणून स्थान हाच संबंध दाखविण्याचा मार्ग होय. पहिली प्रतिमा वाचून मग ‘-रोटेट ९०’ लिहिले आणि त्यानंतर दुसरी प्रतिमा वाचली, तर फिरते ती पहिलीच. कारण फिरविण्याच्या वेळी दुसरी मालिकेत आलेलीच नव्हती.

मालिकेतील प्रत्येक प्रतिमेस क्रमांक असतो व तो शून्यापासून सुरू होतो. चौतिसावी प्रतिमा म्हणजे क्रमांक ३३. शेवटून मोजावयाचे असल्यास उणे चिन्ह वापरतात. ‘-१’ म्हणजे शेवटची, ‘-२’ म्हणजे तिच्या आधीची. हे क्रमांक प्रतिमेस कायमचे चिकटलेले नसतात, तर ते तिच्या त्या वेळच्या जागेचे क्रमांक असतात. म्हणूनच ‘-डिलीट ५ -डिलीट ६’ असे लिहिणाऱ्याची फसगत होते. क्रमांक ५ ची प्रतिमा काढताच पुढील साऱ्या प्रतिमा एकेक जागा मागे सरकतात, आणि दुसऱ्या आज्ञेने मूळची क्रमांक ७ ची प्रतिमा नाहीशी होते. दोन्ही काढावयाच्या असल्यास ‘-डिलीट ५,६’ असे एकाच वेळी सांगितले पाहिजे.

३. सेटिंग आणि क्रिया

मालिकेच्या मध्ये येणाऱ्या शब्दांचे दोन मुख्य वर्ग पडतात. काही शब्द स्वतः काहीच करीत नाहीत. पुढे जे होईल ते कोणत्या रीतीने व्हावे एवढे ठरवितात. अक्षराचा आकार, रंग, फलिताचा दर्जा, पीडीएफ वाचताना धरावयाची घनता ही त्यांची उदाहरणे. यांस सेटिंग म्हणतात. दुसऱ्या वर्गातील शब्द तत्काळ कार्य करतात : ‘-रिसाइझ’ आकार बदलते, ‘-क्रॉप’ कापते, ‘-रोटेट’ फिरविते. यांस क्रिया म्हणू.

पाणिनीय पद्धतीशी परिचय असलेल्या वाचकास सेटिंगचे स्वरूप चटकन ध्यानी येईल. अष्टाध्यायीत एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत अनुवृत्तीने चालत राहते. ते पुन्हा उच्चारण्याची गरज पडत नाही. सेटिंगचेही तसेच आहे. एकदा सांगितले की ते पुढील सर्व शब्दांवर चालू राहते, जोपर्यंत दुसरे मूल्य देऊन ते बदलले जात नाही किंवा उणे चिन्हाऐवजी अधिक चिन्ह लावून रद्द केले जात नाही. अनुवृत्ती नेहमी पुढे जाते, मागे जात नाही. हेही साम्य येथे आहे. पीडीएफ फाइलीचे नाव आधी लिहून मग ‘-डेन्सिटी ३००’ असे लिहिले तर उपयोग होत नाही; वाचन होऊन गेलेले असते आणि पाने धूसरच येतात. साम्य येथेच थांबते. पाणिनीच्या अनुवृत्तीची मर्यादा टीकाकारांना ठरवावी लागली, येथे ती लिहिणाऱ्याने स्वतः उच्चारावी लागते.

क्रियांचेही पुन्हा तीन प्रकार आहेत, आणि अनेक प्रतिमांचा व्यवहार करताना हा भेद उपयोगी पडतो. पहिल्या प्रकारच्या क्रिया मालिकेतील प्रत्येक प्रतिमेवर स्वतंत्रपणे घडतात : आकार बदलणे, कापणे, ‘-डेस्क्यू’ या क्रियेने तिरकी आलेली पाने सरळ करणे. येथे जितक्या प्रतिमा आत येतात सामान्यतः तितक्याच बाहेर पडतात. मात्र ‘-क्रॉप’ एका प्रतिमेचे अनेक तुकडेही करू शकते.

दुसऱ्या प्रकारच्या क्रिया साऱ्या मालिकेची मिळून एक प्रतिमा करतात. ‘-ॲपेंड’ प्रतिमा एकीखाली एक जोडते. अधिक चिन्हाचे ‘+ॲपेंड’ त्या शेजारी शेजारी जोडते. ‘-इव्हॅल्युएट-सीक्वेन्स मीडियन’ ही क्रिया सर्व प्रतिमांतील एकाच जागेच्या पिक्सेलांचे मध्यक घेते. कॅमेरा व पत्र न हलविता एकाच बाजूची पाच छायाचित्रे घेतली, आणि त्यांतील एखाद्यावर हाताची सावली पडली असली, तर या क्रियेने ती सावली निघून जाते.

तिसऱ्या प्रकारच्या क्रिया प्रतिमांस स्पर्श करीत नाहीत. त्या मालिकेचीच रचना बदलतात. ‘-क्लोन’ प्रत काढून शेवटी ठेवते, ‘-डिलीट’ वगळते, ‘-स्वॅप’ दोन प्रतिमांची अदलाबदल करते, ‘-इन्सर्ट’ शेवटची प्रतिमा सांगितलेल्या जागी नेऊन बसविते, ‘-रिव्हर्स’ सारा क्रम उलटा करते. पोथीच्या अभ्यासकास या तिसऱ्या प्रकाराचे महत्त्व सर्वांत अधिक. कारण त्याच्या दृष्टीने क्रम हाही पुराव्याचाच भाग असतो.

४. कंस

कधी कधी मालिकेतील काही प्रतिमांवरच संस्कार करावयाचा असतो. त्यासाठी कंसांची योजना आहे. कंस उघडताच एक नवी, रिकामी मालिका सुरू होते. कंसात वाचलेल्या प्रतिमा तीत जमतात, कंसातील क्रिया त्यांच्यापुरत्याच घडतात, आणि कंस मिटताच ती सारी मालिका बाहेरच्या मालिकेच्या शेवटास जोडली जाते.

बार्शीकरांस हे रेल्वेच्या उदाहरणाने समजेल. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी कुर्डुवाडीहून बार्शीस येऊ लागली. ती आता रुंदमापी झाली आहे. परंतु कोणत्याही मापाच्या लोहमार्गावर काही डबे सायडिंगला घेऊन, त्यांची जुळणी करून, मग ते मुख्य गाडीच्या शेपटास जोडण्याची रीत एकच. कंस म्हणजे असे सायडिंग होय. कंसाच्या दोन्ही बाजूंस मोकळी जागा सोडणे आवश्यक आहे. लिनक्स व मॅक या प्रणालींत कंसापूर्वी उलटी तिरकी रेघही द्यावी लागते. अन्यथा संगणकाचे शेल तो कंस आपल्यासाठीच आहे असे समजते.

प्रस्तुत पोथीचे उदाहरण घेऊ. पोथीचे पत्र उलटून वर ठेवले की त्याची मागची बाजू वर व पुढील पत्राची दर्शनी बाजू खाली, अशा दोन बाजू एकदम दिसतात. त्या दोन्ही एकाच चौकटीत घेण्याची रीत सोयीची असते. दर्शनी बाजूस ‘अ’ व मागील बाजूस ‘ब’ म्हटले, तर पहिल्या चौकटीत केवळ १अ, दुसरीत १ब व २अ, तिसरीत २ब व ३अ, असे होत होत शेवटच्या चौकटीत केवळ ३४ब येते. म्हणजे चौकटी पस्तीस. त्यांपैकी पहिली व शेवटची एकेरी, मधल्या तेहेतीस दुहेरी. यांतून अडुसष्ट बाजू वेगळ्या करावयाच्या आहेत. साऱ्या चौकटी सरसकट मध्यावर कापल्या तर १अ व ३४ब यांचेही दोन तुकडे होतील. म्हणून मधल्या चौकटी ‘मधल्या’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून आज्ञा अशी दिली :

मॅजिक पहिली.टिफ ( मधल्या/*.टिफ -क्रॉप १×२@ +रिपेज ) शेवटची.टिफ बाजू.जेपीजी

‘१×२@’ याचा अर्थ आडवा एक व उभे दोन असे समान भाग. वरचा तुकडा आधी व खालचा मागून येतो. तोच आपणांस हवा असलेला क्रम होय. ‘+रिपेज’ हे पद पुष्कळ जण विसरतात. कापलेला तुकडा आपण मूळ चौकटीत कोठे होतो याची आठवण ठेवतो, आणि पुढील काही क्रिया त्या आठवणीनुसार चालतात. ‘+रिपेज’ने ती पुसली जाते. कंस मिटताच सहासष्ट तुकडे पहिल्या प्रतिमेच्या मागे येऊन उभे राहतात, त्यानंतर शेवटची चौकट वाचली जाते, आणि अडुसष्टांची मालिका सिद्ध होते.

५. ओळींची तुलना

दुसऱ्या प्रकारच्या क्रियांचा आपल्या शास्त्रास विशेष उपयोग होण्यासारखा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम ज्यांनी वाचले आहे त्यांस पाठतुलनेचे तक्ते ठाऊक असतीलच. एक श्लोक वर लिहावयाचा, प्रत्येक अक्षरास एकेक घर द्यावयाचे, आणि त्या घरांखाली एकेका पोथीतील पाठभेद ओळीने नोंदवावयाचे, अशी ती पद्धती. वि. सी. सुखठणकर यांच्या संपादनाखाली आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले व संपूर्ण मूळ संहिता १९६६ मध्ये. त्या तक्त्यांत पोथीचे अक्षर नव्हे, तर नकलकाराने वाचलेले अक्षर येई, आणि ते तसेच येणे त्या काळी अपरिहार्य होते.

आज पोथीची ओळच कापून तक्त्यात बसविता येते. तीन पोथ्यांतील एकच ओळ कापून ठेवली असेल, तर :

मॅजिक क-ओळ.टिफ ख-ओळ.टिफ ग-ओळ.टिफ -रिसाइझ २०००× -ॲपेंड तुलना.टिफ

यात प्रथम तिन्ही ओळी दोन हजार पिक्सेल रुंदीच्या होतात व मग एकीखाली एक जोडल्या जातात. प्रत्येक ओळीआधी पोथीचे संकेताक्षर हवे असल्यास एकेका ओळीसाठी कंस करून त्यात ‘लेबल:क’ आणि ती ओळ ‘+ॲपेंड’ने शेजारी जोडावी, व शेवटी सारे कंस ‘-ॲपेंड’ने एकाखाली एक घ्यावेत. देवनागरी अक्षर उमटण्यासाठी ‘-फाँट’ या सेटिंगने देवनागरी टंक आधी सांगावा लागतो. एकेरी अक्षरास एवढे पुरते. जोडाक्षरे व मात्रा योग्य जागी येण्यास मात्र साधन उभारताना अक्षरजुळणीचा घटक त्यात समाविष्ट झालेला असावा लागतो. तो नसल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते. म्हणून लेबले एकाक्षरी ठेवणे बरे.

६. क्रमाची चूक

आता चुकीची हकीकत. बाजू वेगळ्या झाल्यावर लेखनिकाच्या हाताचा अभ्यास करावा, म्हणून मी प्रत्येक बाजूची पहिली ओळ कापून अडुसष्ट ओळींची एक उभी पट्टी तयार केली. ‘झ’ व ‘ण’ या अक्षरांची वळणे ओळीगणिक तपासली. तेव्हा दोन हात स्पष्ट दिसले. पहिल्या दोन ओळी एका हाताच्या. पुढील दहा दुसऱ्या हाताच्या. मग एक पहिल्याची, पुन्हा दहा दुसऱ्याच्या, पुन्हा एक पहिल्याची. असे पाच वेळा झाले. अखेरीस दुसऱ्या हाताच्या आठ आणि पहिल्याच्या तीन.

इतकी नियमितता आपोआप येत नाही, असे मला वाटले. एखाद्या गुरूने शिष्याकडून पोथी लिहवून घ्यावी, आणि दर दहा बाजूंनंतर एक बाजू स्वतः लिहून वळण घालून द्यावे, असा तर्क मी बांधला. मराठी लेखनशाळेचा हा प्रत्यक्ष पुरावा, अशा थाटात टिपणाचा मसुदाही लिहिला व वर्गात त्याविषयी बोललो. विद्यार्थ्यांना तो तर्क पटला. तो मलाही पटलेला होता.

मसुदा पुरा करण्यापूर्वी मूळ पोथी एकदा पुन्हा पाहावी, म्हणून बार्शीस गेलो. घरच्या वृद्ध यजमानांना पट्टी दाखविली व गुरुशिष्यांची कल्पना सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि बासन सोडून पत्रे एकेक करून माझ्यापुढे ठेवली. “सर, पहिली पाच पानं आमच्या आज्यानं नव्यानं उतरवून घातल्यात. जुनी झिजली हुती. पुढची समदी जुनीच हायेत,” असे ते म्हणाले, आणि पट्टीकडे बोट दाखवून, “पोथीत काय इस्कटलं न्हाई, तुमच्या फोटूतच इस्कटलंय.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पहिल्या पाच पत्रांच्या दहाही बाजू एका हाताच्या होत्या. ६अ पासून दुसरा हात सुरू होत होता, आणि पहिला हात पुढे कोठेही परत येत नव्हता. वरची पत्रे सर्वांत अधिक हाताळली जातात व आधी झिजतात. ती नव्याने लिहून घालण्याची रीत पोथ्यांच्या अभ्यासकास अपरिचित नाही. साधी गोष्ट होती.

मग दहाचा नियम कोठून आला? जेपीजी या प्रकारच्या फाइलीत एकच प्रतिमा मावते. म्हणून ‘बाजू.जेपीजी’ असे फलिताचे नाव दिल्यावर साधनाने अडुसष्ट फाइली केल्या व त्यांस बाजू-०, बाजू-१, बाजू-२ असे करीत बाजू-६७ पर्यंत क्रमांक दिले. पट्टी करताना मी ‘बाजू-*.जेपीजी’ असे लिहिले. तारांकन पाहून संगणक नावांची यादी करतो ती वर्णानुक्रमाने, संख्याक्रमाने नव्हे. शब्दकोशात जसा दुसऱ्या अक्षराचा विचार पहिल्यानंतर होतो, तसे येथे ‘१’ या अंकाने आरंभ होणारी सारी नावे ‘२’च्या आधी येतात : ०, १, १०, ११, … १९, २, २०, २१, … २९, ३, ३०. क्रमांक ० ते ९ म्हणजे नव्या पाच पत्रांच्या दहा बाजू. त्यांतील एकेक बाजू दर दहा जुन्या बाजूंनंतर येऊन बसली. नवी पत्रे नेमकी पाचच, हा योगायोग. परंतु त्या योगायोगाने संगणकाच्या यादीचा नियम लेखनिकाचा नियम म्हणून माझ्यापुढे आला. पत्रांक बहुधा मागील बाजूच्या समासात असतो. मी केवळ ओळ कापून घेतल्याने तोही दृष्टीआड झाला होता.

साधनाने येथे काहीच चूक केली नाही. त्यास जी मालिका दिली तिच्यावर त्याने सांगितलेली क्रिया बिनचूक केली. मालिका कोणती दिली हे मी पाहिले नव्हते.

७. सावधगिरीचे उपाय

या अनुभवातून जे नियम हाती लागले ते थोडक्यात नमूद करतो.

पहिला नियम नावांचा. फलिताच्या नावात ‘%०२डी’ असे लिहिल्यास क्रमांक दोन अंकी होतात : ००, ०१, ०२. मग वर्णानुक्रम व संख्याक्रम एकच ठरतात. शंभराहून अधिक प्रतिमा असल्यास ‘%०३डी’ लिहावे. त्याहून उत्तम उपाय असा की, बाजू वेगळ्या होताच फाइलींस पोथीच्या पत्रांकांवरूनच नावे द्यावीत : पत्र-०१अ, पत्र-०१ब. क्रमांक संगणकाचा असतो, पत्रांक पोथीचा असतो. आणि आपला पुरावा पोथीत आहे.

दुसरा नियम यादीचा. महत्त्वाच्या कामी तारांकनावर विसंबू नये. फाइलींची नावे हव्या त्या क्रमाने एका साध्या मजकूर-फाइलीत लिहावीत व आज्ञेत तिच्या नावाआधी ‘@’ हे चिन्ह द्यावे. साधन त्या यादीतील क्रमानेच प्रतिमा वाचते. काही ठिकाणी सुरक्षेच्या धोरणाने ही सोय बंद ठेवलेली असते. तेथे संगणक-व्यवस्थापकास विचारावे. अशी यादी टिपणाबरोबर जपून ठेवल्यास दुसऱ्या अभ्यासकास आपला क्रम पडताळताही येतो.

तिसरा नियम तपासणीचा. कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी साऱ्या बाजूंचा एक लहान चित्रतक्ता काढावा व प्रत्येक चित्राखाली फाइलीचे नाव छापावे :

मॅजिक मोंताज -लेबल %एफ पत्र-*.टिफ -टाइल ६× -जिऑमेट्री ३००×२००+६+६ तक्ता.जेपीजी

येथे ‘-लेबल’ फाइलींच्या नावांआधी आले आहे हे ध्यानात घ्यावे. ते सेटिंग आहे व प्रतिमा वाचली जाताना तिला लागते. मी हा तक्ता केला असता, तर बाजू-१ नंतर बाजू-१० आलेली पहिल्याच दृष्टिक्षेपात दिसली असती.

चौथा नियम मुळाच्या रक्षणाचा. अनेक फाइलींवर एकेक करून तीच क्रिया करण्यासाठी ‘मॉग्रिफाय’ नावाची आज्ञा आहे. ती सोयीची आहे, आणि एका वेळी एकच प्रतिमा हाताळीत असल्याने स्मृतीही थोडी वापरते. परंतु स्वतंत्र सूचना न दिल्यास ती नवी फाइल करीत नाही. मूळ फाइलीवरच लिहिते. ‘-पाथ’ या सेटिंगने दुसऱ्या, आधीच तयार केलेल्या, फोल्डरचे नाव दिल्यावाचून ती कधीही वापरू नये. मूळ नष्ट झाले म्हणजे काय होते हे मराठी अभ्यासकांस सांगावयास नको. वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची जी प्रत १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केली तिची मूळ पोथी पुढील अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. त्यामुळे छापील पाठाविषयीच्या शंका पोथीवरून मिटविण्याचा मार्ग उरला नाही. छायाचित्रांच्या मूळ फाइली एका स्वतंत्र, लेखनास बंद केलेल्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. फलितांसही निराळा फोल्डर असावा. नाहीतर तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर तारांकन कालची फलितेही मुळांबरोबर उचलते.

पाचवी गोष्ट स्मृतीची. मालिकेतील सर्व प्रतिमा एकाच वेळी उघड्या असतात. दोन कोटी चाळीस लक्ष पिक्सेलांच्या एका रंगीत छायाचित्रास, प्रत्येक वर्णघटकास सोळा बिट धरले तर, किमान १४४ मेगाबाइट जागा लागते. पस्तीस चौकटींस पाच गिगाबाइटहून अधिक. स्मृती अपुरी पडली की साधन डिस्कचा आधार घेते व काम अतिशय मंदावते. अशा वेळी मालिका लहान करावी, किंवा तपासणीपुरत्या प्रतिमा हव्या असल्यास फाइलीच्या नावापुढे ‘[२५%]’ असे लिहून वाचतानाच लहान कराव्यात.

८. उपसंहार

एका आज्ञेत अनेक प्रतिमा हाताळण्याचे सामर्थ्य प्रतिमा-मालिकेच्या कल्पनेत आहे, आणि धोकाही तिच्यातच आहे. मालिका पडद्यावर दिसत नाही. आज्ञेच्या प्रत्येक शब्दापाशी थांबून ‘या क्षणी मालिकेत कोणत्या प्रतिमा आहेत व कोणत्या क्रमाने?’ हा प्रश्न स्वतःस विचारला, तर बहुतेक चुका टळतात. लांब आज्ञा लिहिताना मध्येच ‘-राइट’ हे पद घालून त्या क्षणीची मालिका वेगळ्या नावाने उतरवून घेता येते. नवशिक्याने ही सवय अवश्य लावावी.

गुरुशिष्यांविषयीचे माझे टिपण प्रसिद्ध झाले नाही, आणि ज्या वर्गात तो तर्क सांगितला त्याच वर्गात तो मागेही घेतला. पट्टी नव्याने केली तेव्हा दहा ओळी एका हाताच्या व अठ्ठावन्न दुसऱ्या हाताच्या, अशी सरळ विभागणी दिसली. बदललेली पाच पत्रे जुन्या पत्रांवरूनच उतरवली की दुसऱ्या एखाद्या पोथीवरून, हा खरा प्रश्न त्यानंतर समोर आला. त्याचा शोध आता भाषिक रूपांच्या आधारे चालू आहे. विभागातील जे विद्यार्थी हस्तलिखितांचे काम हाती घेतील त्यांनी छायाचित्रांची यादी प्रथम मूळ पोथीशी ताडून पाहावी, आणि मगच अक्षरांकडे वळावे, एवढे सुचवून हे विवेचन पुरे करतो.